रात्रीचा रामशेज आणि मशालीचा उजेड: छोट्या मावळ्यांवर छायाप्रकाश कसा रंगवावा

सातपूरच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्यांनी नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याच्या वेढ्याचा देखावा करायला घेतला आहे. दोन फूट बाय दीड फुटाचा पाट, मागे कातळ आणि तटाचा तुकडा, अकरा मावळे, तीन मशाली, वेळ रात्रीची. मावळे ५४ मिलिमीटरचे, म्हणजे १/३२ मापाचे. एकेक मावळा हातात घेऊन पाहिला तर छान दिसतो, पण सगळे पाटावर मांडले की खेळण्यांचे दुकान वाटते. मशालीचा उजेड म्हणून चेहऱ्यांवर नारिंगी-पिवळा दिला, तर हळद लावल्यासारखे दिसतात. कोणती शेड घेऊ, सावल्या कशा टाकू, आणि मशालीत खरा एलईडी बसवू का, असे त्यांनी विचारले आहे.

शेडचे नंतर बोलू. तुमच्या फोटोंत मला पहिल्यांदा दिसले ते हे, की अकराच्या अकरा मावळ्यांवर उजेड वरून पडला आहे. खांदे उजळ, मुंडाशाचा माथा उजळ, हनुवटीखाली काळे. कारण उघड आहे. तुम्ही प्रत्येकाला टेबलावर, दिव्याखाली, सुटा रंगवला. मशाली पाटावर नंतर आल्या. म्हणजे मावळे दुपारचे आणि मशाली रात्रीच्या. त्यावर नारिंगी चढवले, तर ते उजेड म्हणून दिसणारच नाही, रंग म्हणूनच दिसेल. उजेड आधी ठरवायचा, रंगाची बाटली नंतर उघडायची. तीस वर्षांत मी बिघडलेले जे देखावे पाहिले, माझे स्वतःचे धरून, त्यातले बहुतेक याच जागी बिघडलेले होते. रंग चांगले होते, हातही चांगला होता, फक्त उजेड कुठून येतो हे कोणी ठरवले नव्हते.

मुळात सावली रंगवायची गरज का पडते, हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे आपोआप सुचेल. सूर्य आपल्याला आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. म्हणून उन्हातल्या माणसाच्या नाकाची, मिशीची, शेल्याच्या घडीची सावली रेखीव पडते. आता तुमचा मावळा घरातल्या ट्यूबखाली उभा आहे. ट्यूब चार फुटांची, म्हणजे सुमारे १.२ मीटर. मावळ्याच्या मापाने तिला ३२ ने गुणा. त्याच्या डोक्यावर ३८ मीटर लांबीचा दिवा आहे! एवढ्या मोठ्या दिव्याखाली कुठली सावली टिकणार? नाकाखालचा, पट्ट्याखालचा, बाहीच्या चुणीतला काळोख सगळा धुऊन जातो. म्हणून लहान मूर्ती सपाट दिसते, आणि म्हणून जे खऱ्या माणसावर आपोआप घडते ते आपल्याला कुंचल्याने घडवावे लागते.

आता तुमची रात्र. तीन मशाली सारख्या जोराच्या ठेवू नका. तीन बाजूंनी सारखा उजेड आला की सावल्या एकमेकींना खातात आणि पुन्हा तोच सपाटपणा येतो. एक मशाल मुख्य. दुसरी तटाच्या वळणामागे न्या, तिची ज्योत दिसूच देऊ नका, फक्त दगडावर पसरलेला तांबूस उजेड दिसू द्या. पाहणाऱ्याला वाटले पाहिजे की पलीकडेही माणसे जागी आहेत. तिसरी काढून टाका. १६८२ पासून पुढे काही वर्षे या लहानशा किल्ल्याने औरंगजेबाच्या सरदारांना, आधी शहाबुद्दीन खानाला आणि मग बहादूरखानाला, दाद दिली नाही. ती रात्र अपुऱ्या शिबंदीची, जागरणाची आहे. तीन मशालींच्या झगमगाटात ती हरवते.

मशाल कुठे धरली आहे तेही पाहा. बहुतेक जण मशालीचा उजेड खालून वर रंगवतात, हनुवटी उजळ आणि कपाळ काळे. मशाल धरणारा माणूस असे कधी करत नाही. ज्योत डोळ्यांसमोर आली तर त्यालाच पलीकडचे दिसणार नाही. तो ती डोक्यापेक्षा उंच आणि अंगापासून लांब धरतो. म्हणजे उजेड वरून, पण एका बाजूने. खालून उजेड येतो तो शेकोटीचा किंवा जमिनीवर ठेवलेल्या दिव्याचा.

हे सगळे डोक्यात करण्यापेक्षा एकदा डोळ्यांनी पाहा. सगळ्या मावळ्यांना एकसारखा करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात, द्या आणि पूर्ण वाळू द्या. पाटावर जागच्या जागी मांडा. खिडक्या बंद, दिवे बंद. मुख्य मशालीच्या जागी काड्यापेट्या रचून त्यावर पणती ठेवा, ज्योत मावळ्याच्या डोक्याच्या थोडी वर येईल अशी. पणतीच का, तर तिची ज्योत दीड-दोन सेंटिमीटरची असते. ३२ पट केली तर अर्धा मीटर किंवा थोडी जास्त होते, म्हणजे भरभरून पेटलेल्या मशालीएवढी. मापात बसणारा इतका स्वस्त दिवा दुसरा नाही. फक्त प्लास्टिकचा मावळा ज्योतीच्या अगदी जवळ किंवा वर नेऊ नका, आणि प्रायमरचा डबा त्या खोलीत ठेवू नका. मोबाइल उशीला टेकवून स्थिर ठेवा, पडद्यावर बोट दाबून धरून उजेडाचे माप (एक्स्पोजर) एकदा पक्के करा, आणि समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढा. मग प्रत्येक मावळ्याचा जवळून एक. हे फोटो छापून टेबलासमोर लावा. पुढचे पंधरा दिवस तुमचा गुरू तोच.

माझा स्वतःचा पहिला धडाही पणतीनेच दिलेला आहे. लहानपणी पंचवटीत वाड्याच्या अंगणात किल्ला करायचो. मातीचे मावळे, तटावर अळीव पेरलेले, दारात पणती. एका संध्याकाळी वारा पडला होता आणि ज्योत हलत नव्हती, तेव्हा भालेकऱ्याची सावली बुरुजावर पडलेली दिसली. मावळा बोटभर, सावली बुरुज ओलांडून भिंतीवर गेलेली. मावळ्याच्या चेहऱ्यावरचा बाजारू गुलाबी ऑइल पेंट तेव्हा दिसतच नव्हता. तो खरा दिसत होता. तेवढ्या एका कारणासाठी मी या कामात राहिलो.

पणतीच्या फोटोत तुम्हाला एक गोष्ट ठळक दिसेल. उजेड फार लवकर संपतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झाले की नववा. मशालवाल्याचा चेहरा ज्योतीपासून ४ सेंटिमीटरवर असेल आणि पलीकडचा गोफणवाला ८ वर, तर त्याला पाव उजेड मिळतो. पाटाच्या कडेला ३० सेंटिमीटरवर बसलेल्या मावळ्याला साधारण छपन्नावा हिस्सा. आता अडचण अशी की रंगांची झेप एवढी नसते. पांढराशुभ्र रंग आणि मॅट काळा यांच्यात परत फेकलेल्या उजेडाचा फरक जेमतेम वीस-पंचवीस पटींचा. म्हणजे तुमच्या हातात पैसे मोजके आहेत आणि ते जपून खर्च करायचे आहेत. सगळ्यात उजळ रंग फक्त ज्योतीला. त्याच्या खालची पायरी मशालवाल्याच्या गालाला, मुठीला आणि खांद्याला. तिथून पुढे झपाट्याने उतरायचे. पाटावरचा अर्ध्याहून जास्त भाग काळोखात राहिला पाहिजे. मन धजत नाही, हे मला ठाऊक आहे. शेल्याच्या काठावर दोन रात्री घालवलेल्या असतात आणि तो काठ आता कोणाला दिसणार नसतो. तरी तो बुडवा.

याच कारणासाठी सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र पुन्हा पाहा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, १९४५-४६ च्या सुमाराचे. जलरंगातले काम आहे, तिथे वरून पांढरा लावून सावरायची सोय नसते, कागदाची उजळी शेवटपर्यंत राखावी लागते. त्या स्त्रीने ज्योतीपुढे हात धरला आहे आणि बोटांच्या कडा आतून लालसर पेटल्या आहेत. ज्योत स्वतः हाताआड आहे. तरी दिवा लागलेला आहे याबद्दल कोणाला शंका येत नाही, कारण उजेड किती आणि कुठे थांबतो हे बरोबर आहे.

आता शेड. एका बाटलीतला ‘मशालीचा रंग’ असे काही नसते. उजेड वस्तूच्या मूळ रंगात मिसळतो. मशालीच्या उजेडात निळा जवळजवळ नसतो, तिचे रंगतापमान (हा आकडा जितका कमी, तितका उजेड तांबडा) २००० केल्विनच्या आसपास, तर दुपारचे ऊन साडेपाच हजाराच्या घरात. म्हणून पांढरा अंगरखा मशालीपुढे ऑकरसारखा, म्हणजे मातकट पिवळा दिसतो. लाल आणि भगवा पेटून उठतात. हिरवा शेला मळकट खाकी होतो. निळा तर काळपट करडा होऊन बसतो, कारण त्याला परत फेकायला निळा उजेडच मिळत नाही. तुम्ही निळ्या अंगरख्यावर सरळ नारिंगी दिले आहे, तिथेच हळद दिसते. निळ्यावर करड्या-तपकिरीची एक पायरी, आणि अगदी कडेला ऑकरची तीळभर रेघ, एवढे पुरे.

अंधाराच्या बाजूला उलटे घडते. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला लाल आधी दिसेनासा होतो आणि निळा-हिरवा मागे टिकतो. पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. संध्याकाळी अंगणातली जास्वंद काळी पडते आणि पाने मात्र दिसत राहतात, तेच हे. म्हणून लाल मुंडासे मशालीजवळ ठेवा, तिथे ते भडकेल. तेच मुंडासे कोपऱ्यातल्या मावळ्याला असेल तर ते मरून-काळे रंगवा. एकाच देखाव्यात एकच लाल दोन ठिकाणी इतका वेगळा दिसला की पाहणाऱ्याला रात्र पटते.

सावलीत नुसता काळा मिसळू नका. काळ्याने रंग मरतो, खोल जात नाही. मी कातडीच्या सावलीला बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) घालतो. भगव्याच्या सावलीला गडद तपकिरी-लाल. पांढऱ्याच्या सावलीला निळसर करडा, त्यात अंबरचा थेंब. चांदणे दाखवायचे असेल तर तेही याच करड्यातून, मशालीच्या उलट बाजूने, अगदी पातळ. गडद निळा ओतू नका. चांदण्याला खरा निळा रंग नसतो, अंधारात आपला डोळा तसे पाहतो, म्हणून निळ्याची नुसती चाहूल पुरते.

एक चेहरा जवळून सांगतो, मशालवाल्याचा. मशाल त्याच्या उजव्या हातात, वर, पुढे. त्याच्या चेहऱ्याचा आकार तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा आहे, हे लक्षात ठेवून धीराने. आधी पूर्ण चेहरा अंबर-अल्ट्रामरीनच्या गडद मिश्रणाने झाका. तो वाळला की फोटोत पाहून उजव्या गालाचे हाड, नाकाची उजवी बाजू, उजव्या भुवईवरचा उंचवटा, खालचा ओठ आणि हनुवटीचा उजवा कोपरा, एवढ्याच जागी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). रंग ताकाएवढा पातळ. त्याच जागांच्या आत, थोड्या लहान भागावर सिएना आणि यलो ऑकर. आणखी आत ऑकरमध्ये नारिंगी. शेवटी गालाच्या हाडावर आणि नाकाच्या टोकावर ऑकर-पांढऱ्याचा एकेक ठिपका. डावा डोळा रंगवूच नका, तो नाकाच्या सावलीत गेला आहे. उजव्या डोळ्यात पांढरा अजिबात नको, गडद खाचेत ऑकरचा कण ठेवला की नजर येते. मिशीच्या खाली, मुंडाशाच्या कडेला कपाळावर, आणि मान-गळपट्टीच्या सांध्यात सगळ्यात गडद रेघ. दोन वस्तू एकमेकींना टेकतात तिथला काळोख कुठल्याही उजेडात टिकतो, तो चुकला की मुंडासे डोक्यावर तरंगते. डाव्या गालाच्या कडेला चांदण्याचा करडा एकदाच, केसाएवढा. तेवढ्याने डोके मागच्या अंधारातून सुटते.

पायऱ्या एकमेकींत मिसळाव्यात म्हणून प्रत्येक हात वाळल्यावर मधल्या रंगाचा अगदी पातळ थर शिवेवरून फिरवा, एक भाग रंग आणि आठ-दहा भाग पाणी. कुंचला कापडाला टिपून मगच लावा, नाहीतर कडेला डाग धरतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की ॲक्रिलिक कुंचल्यावरच वाळते. स्टीलच्या डब्याच्या झाकणात ओले सुती फडके, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. दिवसभर ओला राहतो. रंग व्हॅलेहोचे असोत किंवा कॅमलचे, या कामात फार फरक पडत नाही. कॅमलमध्ये एखादा थर जास्त द्यावा लागतो, इतकेच. कुंचल्यावर मात्र पैसे खर्च करा. टोक न धरणाऱ्या कुंचल्याने हे होत नाही. बाजारचे मातीचे मावळे घेतले असतील तर आधी पातळ फेविकॉलचा हात द्या, नाहीतर माती पाणी शोषते आणि पातळ थर पसरायच्या आत जिरतो.

ज्योतीबद्दल एक ओळ. जिथे पेट आहे तो गाभा पिवळट पांढरा, वर जाताना नारिंगी, टोकाला काळपट लाल. लोक बरोबर उलटे रंगवतात, आत लाल आणि बाहेर पिवळे.

आता पडछाया, म्हणजे मावळ्याने जमिनीवर आणि तटावर टाकलेली सावली. उन्हातल्या सावल्या एकमेकींना समांतर असतात. मशालीच्या तशा नसतात, त्या मशालीच्या पायापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर पसरतात. तुम्ही सगळ्या एकाच दिशेला ओढल्या आहेत. दिशा आणि लांबी काढायला दोरा घ्या. एक टोक ज्योतीच्या जागी टाचणीने पक्के करा, दोरा मावळ्याच्या मुंडाशाला टेकवून ताणा आणि जमिनीला लागेल तिथे खूण करा. तेच सावलीचे टोक. ज्योत ८० मिलिमीटर उंचीवर आणि ५४ मिलिमीटरचा मावळा तिच्यापासून ६० वर असेल तर सावली जवळपास १२५ मिलिमीटर लांब पडते, मावळ्याच्या दुपटीहून जास्त. ती वाटेत तटाला लागली की तिथून उभी चढते. ही तटावर चढलेली सावली तुमच्या देखाव्यातली सगळ्यात जोरदार गोष्ट ठरेल, तिला जागा ठेवा. पायाशी सावली गडद आणि रेखीव, लांब जाताना फिकी आणि कडेला विरलेली. कातळाचाच रंग अंबर-अल्ट्रामरीनने गडद करून ती रंगवा, काळ्याचा पट्टा मारू नका.

कातळाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण फोटोत सगळ्या दगडांच्या कडा फिक्या करड्याने घासलेल्या दिसतात. दिवसाच्या देखाव्याला ते चालते. आपला काळा पाषाण रात्री उजेड पिऊन टाकतो. काळाराम मंदिराच्या आवारात संध्याकाळी उभे राहा, दिव्यापासून चार पावलांवर भिंत नुसता काळोख होऊन जाते. तुमच्या घासलेल्या कडा पातळ अंबरने बुडवा आणि मशालीकडे तोंड असलेले दगडच तेवढे तांबूस करा.

पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात दुपारी फिरा. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या बाईच्या कपाळावर निळसर झाक असते, समोर टोमॅटोचा ढीग असेल तर हनुवटीखाली तांबूस. आपल्या अवतीभवतीच्या वस्तू चेहऱ्यावर रंग फेकतात, आणि हा परतीचा उजेड दाखवला की मूर्ती जागेला चिकटते. इंटरमिजिएटला स्थिरचित्र काढताना घड्याच्या सावलीतल्या बाजूला एक उजळ पट्टी सोडायला शिकवतात, ती हीच. सकाळी जुन्या नाशिकच्या काठावरून पंचवटीकडे पाहिले तर सूर्य समोरून येतो. रामकुंडात उभी असलेली माणसे पाठीमागून उजळलेली असतात, आणि पाण्यावरून उडालेला उजेड त्यांच्या हनुवटीखाली हलत असतो. धातू शिकायचा असेल तर तांबट लेनमध्ये जा. ठोक्याच्या घागरीकडे डोळे बारीक करून पाहा. चकाकीच्या अगदी शेजारी सगळ्यात गडद भाग असतो, मध्ये पायऱ्या जवळपास नसतात. तलवारीचे पाते आणि ढालीवरची फुले तशीच रंगवा: मशालीकडे एक तेजस्वी रेघ, तिला लागून एकदम काळे.

पुढे कधी दिवसाचा देखावा केलात तर उन्हाचा हिशोब सोपा आहे. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य सुमारे ४६-४७ अंश उंच असतो, ५४ मिलिमीटरच्या मावळ्याची सावली उत्तरेला ५१ मिलिमीटर पडते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो दुपारी डोक्यावर येतो आणि सावली पायातच राहते. ऐतिहासिक प्रसंगाची तारीख माहीत असेल तर हे पाळा.

एलईडी बसवायचा का? बसवा, पण रंगकामाच्या बदल्यात नाही. खोलीत दिवे लागले की तीन मिलिमीटरचा एलईडी फिका पडतो, तेव्हा रंगवलेला उजेडच काम करतो. दिवे मालवले की एलईडी काम करतो. दोन्ही एकाच जागेवरून, एकाच दिशेने आले तरच मेळ बसतो. उबदार पांढरा एलईडी घ्या, त्याचे काचेसारखे डोके बारीक घासपेपरने धुरकट करा, नाहीतर उजेड बॅटरीच्या झोतासारखा समोरच जातो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ३३० ओहमचा रेझिस्टर लावला की तो मजेत चालतो.

वार्निश मॅटच हवे. चकचकीत पृष्ठभागावर खोलीतला खरा दिवा चमकतो आणि तुम्ही रंगवलेल्या उजेडाशी भांडतो. डोळ्याचा कण, पात्याची रेघ, घामाने ओले कपाळ, एवढ्याच जागी नंतर कुंचल्याने चकाकी द्या. स्प्रेचे वार्निश पावसाळ्यात मारू नका. एका जुलैत मी सात मूर्तींवर मारले आणि दमट हवेने सगळ्यांवर पांढुरका पडदा धरला. चकचकीत वार्निशचा एक हात देऊन पुन्हा मॅट मारल्यावर बरेचसे निभावले, पण दोन चेहरे नव्याने रंगवावे लागले.

आणि देखावा शेवटी कुठे ठेवणार, हे आजच ठरवा. काही वर्षांपूर्वी मी पहाटेच्या घाटाचा एक मोठा देखावा केला होता, उजेड डावीकडून. ज्या दालनात तो मांडला तिथे खिडकी उजवीकडे होती आणि मी आधी जाऊन पाहिले नव्हते. रंगवलेल्या सावल्यांवर खरे ऊन पडले आणि चेहऱ्यांना काजळी लागल्यासारखे दिसू लागले. लोक जवळ येऊन विचारत होते, यांची तोंडे मळकी का? चार महिन्यांचे काम होते. मला फार लागले ते. तेव्हापासून मी आधी जागा पाहतो, तिथला दिवा कोणत्या बाजूला आहे ते वहीत लिहितो, आणि रात्रीचा प्रसंग असेल तर देखाव्याला तीन बाजूंनी बंद खोकेच करतो, समोरून तेवढे उघडे. तुमच्या रामशेजला मी तेच सुचवेन. आतून मॅट काळा, वरून झाकण, म्हणजे बाहेरची ट्यूब आत शिरणार नाही.

सुरुवात मशालवाल्यापासून करू नका. डाव्या कोपऱ्यात ढाल मांडीवर घेऊन बसलेला मावळा आहे ना, तो आधी घ्या. त्याच्यावर उजेड जवळजवळ नाही. सगळा अंगरखा गडद निळसर करड्यात जाऊ द्या, चेहराही. ढालीच्या मशालीकडच्या कडेवर केसाएवढी तांबूस रेघ, मुंडाशाच्या एका पिळावर दुसरी, गुडघ्यावर अगदी पुसट तिसरी. तो पाटावर ठेवून खोलीतला दिवा लावून एक आणि पणतीच्या उजेडात एक असे दोन फोटो काढा आणि मला पाठवा. मग मशालवाल्याच्या गालाला हात घालू.